मोकळा हात

आखातात राहिलेला माणूस साधा मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालतो. सदानंद तर इंजिनीअर, त्यानं पिस्तुलाचंही तेच केलं. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून एका हातानं चालवता येईल असं हत्यार शोधलं आणि शुक्रवारी बायको-मुलीला घेऊन थेट नेमबाजीच्या क्लबात जाऊन थडकला. गाडी अर्थात अनुपमानं चालवली.

एका हातानं, कारण दुसरा असून नसल्यासारखा. अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत दोन वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला आणि डाव्या खांद्याच्या नसा तुटल्या. तेव्हापासून त्या हाताला ना हालचाल, ना जाणीव. कॉन्ट्रॅक्टर कंपनीनं टेबलावरचं काम दिलं, वर फुलांचा गुच्छही दिला. मग २००९ उजाडलं, मंदीनं साइट ओस पडल्या, आणि काढायच्या माणसांत पहिलं नाव सदानंदचं. व्हिसा रद्द. खलास. महिन्याभरात देश सोडायचा.

जायचं कुठे, तर तळेगावजवळ बांधलेल्या घरी. सगळी कमाई त्यात घातलेली, आणि गोची तिथेच होती. गेल्या सुट्टीत तिघे जण गेटातून आत शिरले, ही जागा आम्हालाच विकायची म्हणाले. सदानंद नाही म्हणाला, तर एकानं त्याला असं ढकललं की तो आठ वर्षांच्या इराच्या देखत अंगणात पालथा पडला. सावरायला दुसरा हात पुढे आलाच नाही. "राहायला या, मग बघू," असं म्हणून ते गेले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, चहा पाजला आणि वाटेला लावलं.

हत्याराचा परवाना होता, वडिलांच्या मागे त्याच्या नावावर झालेला. हत्यार तेवढं घ्यायचं होतं. पण पुण्याच्या दुकानात ते हातात घेऊन बघता येतं, झाडून बघता येत नाही. म्हणून ही सगळी उठाठेव इथे.

"सर, पहले पिस्टल देखते हैं," क्लबात शिकवणारा जहूर म्हणाला आणि त्यानं एक रिकामं पिस्तूल पुढे ठेवलं. पहिली गोळी चढवायला त्याची वरची पट्टी मागे खेचावी लागते. धरायचं एका हातानं, खेचायचं दुसऱ्यानं. सदानंदनं ते गुडघ्यांत दाबून पाहिलं. पट्टी अर्धी मागे यायची आणि निसटायची. जहूरनं तिची कड कमरेच्या पट्ट्यात अडकवून रेटायची युक्ती दाखवली. घामाघूम झाल्यावर ती कशीबशी जमली.

"यहाँ हो गया," जहूर म्हणाला. "डर के टाइम नहीं होगा."

मग रिव्हॉल्व्हर. त्यात खेचायचं काही नाही. गोळ्या भरून ठेवलेल्या, घोडा दाबला की झालं. पण तो भलता कडक, दाबताना मनगट खाली झुकायचं आणि गोळी कागदी माणसाच्या पायाशी जायची. जहूरनं दुसरं दिलं, जरा वजनदार, रुंद लाकडी मुठीचं. त्यानं झटकाही कमी बसत होता. सहाच्या सहा गोळ्या बरोबर कागदी माणसाच्या छातीत. कितीतरी दिवसांनी सदानंद मनापासून हसला. वळून बघितलं, तर काचेपलीकडे अनुपमा इराचे कान झाकून उभी होती आणि ती हसत नव्हती.

"अहो, आपण पुण्यात भाड्यानं राहू ना," परतताना ती म्हणाली.

"भाडं कुठून देणार? आणि स्वतःच्या घराला मी भिऊन राहू?"

"म्हणून काय माणसं मारणार?"

"मारावी लागू नयेत म्हणूनच तर घेतोय, अनू."

मोहम्मद बिन झायद सिटीतलं घर येईपर्यंत तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. त्याला तिला सांगायचं होतं की भीती मलाही वाटते. पडलो त्याचं काही नाही, इरा बघत होती ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण हे बोलायला त्याची जीभ रेटेना.

आता तयारी. दुबईच्या ड्रॅगन मार्टमधून खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर आणलं गेलं. घरभर खोकी बांधून पडलेली, त्यातच ही रंगीत तालीम. अनुपमानं बाहेर जाऊन दार बडवायचं, सदानंदनं कपाटावरचं रिव्हॉल्व्हर काढून दारासमोर उभं राहायचं, इरानं त्याच्या मागे. अनुपमाला हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. पण बाहेर गेल्यावर तिनं दार असं बडवलं की महिनाभराचा सगळा राग त्यात उतरला असावा.

इराला ठाऊक होतं की बाहेर आई आहे. तरी ती दचकली आणि दोन्ही हातांनी तिनं बाबाचा उजवा हात घट्ट पकडला. रस्ता ओलांडताना, दवाखान्यात, लिफ्टमध्ये ती तोच हात धरायची. रिव्हॉल्व्हर खाली पडलं.

"इरा, हा हात सोडायचा. मागे राहायचं."

"ओके, बाबा."

पुन्हा दार वाजलं, पुन्हा तेच. आणखी एकदा वाजलं, आणि या खेपेला सदानंदचा तोल गेला. "सोड म्हणतो ना," म्हणत त्यानं असा हिसडा दिला की ती पोरगी चपलांच्या कपाटावर जाऊन आदळली.

तळेगावच्या त्या माणसानंही त्याला असंच ढकललं होतं. हे मनात आलं आणि सदानंद जागच्या जागी थिजला. माफी मागावी, जवळ घ्यावं, एवढंही त्याला सुचेना. लाजेनं नुसता जीव जात होता.

इरा रडली नाही. कोपर चोळत उठली, खाली पडलेलं रिव्हॉल्व्हर उचलून तिनं त्याच्या उजव्या हातात दिलं आणि वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आली.

"डोंट गेट अँग्री, बाबा. आय विल होल्ड दिस वन. दिस वन इज फ्री."

तिनं हात धरला असणार. ती तो किती घट्ट धरून उभी आहे, हे त्याला खाली बघितल्यावर कळलं. तिची बोटं पांढरी पडली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "यू ऑल्सो होल्ड ना."

बाहेरून अनुपमानं पुन्हा दार बडवायला सुरुवात केली.