मावशीच्या खिडकीशी आलेला डोंगर

मी वाळूचा डोंगर बोलतोय. या किनाऱ्यावर माझ्यापेक्षा उंच कुणी नाही. एक दीपगृह आहे म्हणा, पण ते बांधलेलं, ते धरायचं नाही. मागची झाडंही जरा उंच आहेत. बरं, जाऊ द्या. आडवे पडलेल्यांत मीच सगळ्यात उंच.

माझा जन्म एका फुटक्या होडीच्या आडोशाला झाला. वाऱ्याने वाळू आणली, होडीने अडवली, आणि मालक होडी शोधत आला तोवर ती माझ्या पोटात. तिथून जी खायची सवय लागली, ती काही सुटली नाही. शिक्षणही असंच झालं. पर्यटन खात्याने पायथ्याशी पाटी लावली, 'वाळूचा डोंगर, दीपगृह, जहाजाचा सांगाडा'. एवढं वाचून होतंय तोवर मी पाटी गिळली. खालची ओळ राहिलीच. बहुतेक 'वर चढू नये' असावी, कारण तेव्हापासून सगळे चढतात.

माणसांची मला भारी गंमत वाटते. घरी चादरीवर एक कण दिसला तर घर डोक्यावर घेणारी बाई इथे येऊन माझ्यावर लोळते. बाप पोरांना "सावकाश रे, पडाल" म्हणतो आणि स्वतःच ढुंगणावर घसरत खाली येतो. नवी जोडपी बोटाने नावं लिहितात, ती मी संध्याकाळी पुसतो. दुसऱ्यांना जागा नको? वर पोचलं की सगळे धापा टाकत दीपगृहाकडे हात करतात, "तिकडेही जाऊ या." जात कुणीच नाही. तिथे पायऱ्या आहेत, आणि मी कुणाचे गुडघे शिल्लक ठेवत नाही. जहाजाच्या सांगाड्याकडे मात्र जातात, कारण त्याच्या फासळ्यांत बसून फोटो चांगला येतो.

मग सगळे मावशीकडे. माझ्या पायथ्याशी तिची चहाची टपरी. ती कुणाची सख्खी मावशी आहे ठाऊक नाही, पण साहेबापासून पोराटोरांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. मी अधूनमधून तिच्या साखरेच्या डब्यात उतरतो. गिऱ्हाईकाच्या दाताखाली कचकच झाली की मावशी मान वर न करता म्हणते, "डोंगर आहे तो. बघायला आलात ना? घ्या, चाखूनही झाला."

गेल्या हिवाळ्यात खात्याचा साहेब आला. तोवर मी टपरीच्या मागच्या भिंतीला टेकलो होतो. साहेब वाकून बघत म्हणाला, "मावशी, वाळू खिडकीला लागली की टपरी उठवावी लागेल. दीपगृहाच्या मागे जागा देतो."

"तिथे चहा प्यायला कोण येणार, साहेब? बगळे?"

"नियम आहे."

"मग तो याला वाचून दाखवा." तिने माझ्याकडे बोट केलं. साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी त्याचा चष्मा भरून टाकला.

पण हसू ओठावरच विरलं. मी चालतो असं लोक म्हणतात. चालतो कसला, मागून वारा ढकलतो आणि मी सरकतो. पाय मागे घेणं मला येत नाही. मावशी दीपगृहामागे गेली तर मी कुणाच्या साखरेत उतरू? बगळे चहात साखर घेत नाहीत.

थोड्याच दिवसांत एका सकाळी मावशी पोतं घेऊन माझ्या पाठीमागच्या उतारावर गेली. बराच वेळ पाठीत काहीतरी टोचत राहिलं. मी म्हटलं, टोच बाई, राग काढ. त्यानंतर तिने नवंच खूळ काढलं. वर निघालेल्या प्रत्येकाच्या हातात कपबश्या विसळलेल्या पाण्याची बादली द्यायची.

"जाताच आहात तर ही न्या. पलीकडच्या उतारावर ओता. रिकामी बादली आणेल त्याला चहा आधी."

एक पोटवाले काका अर्ध्यातून ओरडले, "मावशी, तुमच्याकडे मोरी नाही का?"

"आहे ना. त्यानेच तुंबवलीय."

मी पोट धरून हसलो. म्हटलं, बाईचं डोकं फिरलं. मला बुडवायला निघालीय, तेही उष्ट्या पाण्याने. हसून हसून पाठीला खाज सुटली, ती थांबेचना. म्हातारपणात असं व्हायचंच. आणि आपली पाठ आपल्याला दिसते थोडीच?

वाऱ्याचे दिवस आले. मी डोळे मिटून घेतले. वारा ढकलायचा, पाठीवर सळसळ व्हायची, पण पाय जागचा हलेना. वारा दमून निघून गेला. साहेब आला, वाकला, वाळू खिडकीच्या वीतभर खालीच होती. तो कचकचत चहा प्यायला आणि दीपगृहाचं नाव न काढता गेला.

मी फुगलो. एवढा वारा मी नुसत्या मायेच्या जोरावर थोपवला होता. हे तिला कळायला नको? संध्याकाळी गिऱ्हाईक पांगल्यावर ती स्वतःचा चहा घेऊन दारात बसली, तेव्हा मी त्यात अगदी अलगद एकच कण सोडला. म्हणजे, थांबलो हो तुझ्यासाठी. उपकार मानू नकोस, नुसती आठवण ठेव.

मावशीने कण बोटाने काढला, पदराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"मोठेपणा घेऊ नकोस, म्हाताऱ्या. तुझ्या पाठीवर गवत लावलंय मी. मुळांनी धरून ठेवलंय तुला. एवढ्या बादल्या वर पाठवल्या, त्या काय तुला आंघोळ घालायला?"