शिशिराचे हातमोजे

शिशिराच्या कॉमिकच्या नव्या अंकातला तिच्या पोशाखाचा निळा रंग जुन्या निळ्यापेक्षा किंचित लालसर आहे. दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली हा फरक दिसतो. पिवळ्या बल्बखाली मात्र दोन्ही अंक सारखेच वाटतात. मी नारपोलीतल्या एका डाइंगच्या लॅबमध्ये कापडाच्या शेड जुळवते. त्यामुळे दोन्ही मुखपृष्ठं लाइट बॉक्समध्ये शेजारीशेजारी ठेवून तीन दिव्यांखाली पाहिली. शिशिराचे अंक वाचणाऱ्या आमच्या ग्रुपने ते काम माझ्यावर सोपवलं होतं. हातमोज्यांसाठी बॉक्सची गरज नव्हती. नव्या अंकात ते नव्हतेच.

शिशिरा ज्याला हात लावेल त्यातली उष्णता खेचून घेते. साठाव्या अंकापर्यंत तिची शक्ती अशी चालायची. खेचलेली उष्णता तिच्याच तळहातांत साठायची, म्हणून जाड मोजे, आणि मोज्यांमुळे तिला कुणाचा स्पर्श कळायचा नाही. एकसष्टाव्या, म्हणजे या नव्या अंकापासून ती लांबूनच समोरच्याला गोठवते. हात मोकळे.

शुक्रवारी इथले कापडाचे लूम बंद असतात. एरवी भिंतीतून येणारी खडखड थांबली की माझी दहा बाय बाराची खोली मोठी वाटायला लागते. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला आमच्या ग्रुपचा कॉल असतो. आम्ही पाच जण: मानकोलीच्या गोदामात कामाला असलेला भाविक, मोबाइलचं दुकान चालवणारा प्रितेश, अंबाडीजवळच्या शाळेतल्या मृणाली टीचर, मी आणि मनोज. मनोज माझा नवरा. ग्रुप आम्ही दोघांनीच सुरू केला होता. मी दीड वर्षापूर्वी घर सोडलं, हे बाकीच्या तिघांना माहीत नाही.

भांडण झालं नव्हतं. घरात आम्ही शिशिराविषयी बोलायचो, तेवढंच. ते संपलं की जेवणं व्हायची, भांडी व्हायची, टीव्ही लागायचा. मी ही खोली घेतल्यापासून मनोज दर महिन्याला फोन करतो. "कधी येतेस?" मी म्हणते, "बघते." गावी त्याने आईंना सांगितलंय की मी कंपनीच्या कामासाठी सुरतला आहे. नाही म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण त्यानंतर शुक्रवार उरला नसता. लॅबबाहेर माझ्याशी बोलणारी माणसं एवढीच आहेत.

"वहिनी, रिपोर्ट बोला," प्रितेशने सुरुवात केली.

"लाल वाढलाय. नक्की."

"बघ! भाविक, पैज हरलास. मिशी काढ."

"मिशी न्हाय काढनार. घरात लगीन हाय." भाविकच्या मागे फोर्कलिफ्टची टीं टीं चालू होती.

"रंगाचं सोडा," मी म्हणाले. "खेचलेली उष्णता आता जाते कुठे? आधी तिच्या हातांत जायची. कुठेतरी जायलाच हवी."

"अवो वहिनी, कॉमिक हाय ते, तुमची लॅब न्हाय!"

"ॲटिट्यूडमध्ये जाते," प्रितेश म्हणाला. "नवीन पोस्टर बघितलं ना? एकदम कडक."

मृणाली टीचर नाक्यावर शेअर रिक्षात बसून सीट भरायची वाट बघत होत्या. "माझ्या वर्गातल्या मुलींना मोकळे हातच आवडले बाई. म्हणतात, टीचर, आता तिला कुणाचा तरी हात धरता येईल."

"टीचर, मुलींना सांगा, थोडं थांबा," मनोज म्हणाला. त्याचं बोलणं नेहमीसारखं सावकाश होतं. "तिसाव्या अंकात पोशाख पांढरा केला होता. छत्तिसाव्यात पुन्हा निळा. मधे एकदा तर शक्तीच काढून घेतली, चार अंकांत परत दिली. कॉमिकमध्ये गेलेलं सगळं परत येतं."

ते खरं होतं. मी जुने अंक काढून तपासलं होतं.

"या वेळी संपादकांनी लिहिलंय की हा बदल कायमचा आहे," मी म्हणाले.

"तसं ते नेहमीच लिहितात."

"मनोजदादा, एक विचारू?" टीचर म्हणाल्या. "पूर्वी तुम्ही दोघं बोललात की आवाज घुमायचा. दोन फोन एका घरात, आमचे कान किटायचे. हल्ली घुमत नाही."

"अरे हो की!" प्रितेश म्हणाला. "दादा, मोठं घर घेतलं काय? आणि पार्टी नाही?"

मनोज हसला. "तसं काही नाही रे. हल्ली ती आतल्या खोलीत बसते. दार लावून."

तो जराही अडखळला नाही. हे वाक्य त्याने आधीच तयार ठेवलं असणार. मला ती खोली दिसली, पलंगापाशी रचलेल्या अंकांसकट. त्याच्या हिशोबाने मी अजून तिथे होते. दीड वर्ष तो मला त्या बंद दाराआड सांभाळत होता, आणि त्यासाठी त्याला माझं महिन्यातून एकदाचं "बघते" पुरत होतं. ते मीच देत होते.

"दादाला चाय तरी देता ना वहिनी, का ती पन बंद?" भाविकने विचारलं.

"देते, देते," मनोजच म्हणाला. "आणि मोजे परत येणार, लिहून ठेवा. वाट बघायची तयारी पाहिजे. काय हेमा?"

टीचरांची रिक्षा सुरू झाली. फोर्कलिफ्टचा आवाज थांबला. नेहमीचा शब्द तोंडाशी आला होता. मी तो गिळला. फोन तोंडाजवळ घेतला.

"मनोज, आईंना सांग, मी सुरतला नाही," मी म्हणाले. "मी परत येणार नाही."