राहून गेलेला तिसरा अंक

जगनला अभिनयाचं आयुष्यात एकच बक्षीस मिळालं, आणि तेही डाव्या गालावर. देणारी बाई पुढे त्याची सासू झाली, ही त्यातली खरी गंमत.

बेचाळीस वर्षांपूर्वी आपटा गावच्या जत्रेत विचुंब्याच्या पोरांनी ‘उंबऱ्याबाहेर माउली’ हे तीन अंकी कौटुंबिक नाटक लावलं होतं. आई झाला होता सुदाम. मिशी त्याच दिवशी भादरलेली आणि नऊवारीचा काष्टा दर पाच मिनिटांनी सुटणारा. तरी पठ्ठ्या असा रडत होता की ताडपत्रीवर बसलेल्या बायका नाकं शिंकरत होत्या. आईला घराबाहेर काढणारा दुष्ट मुलगा प्रभाकर म्हणजे आपला जगन. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याला आईचं गाठोडं लाथेनं उडवायचं होतं. तालमीत ते दोन हात लांब जायचं. त्या दिवशी त्याच्या अंगात असं काही संचारलं की गाठोडं माईकवरून उडालं आणि पुढच्या रांगेत बसलेल्या रंभामामीच्या मांडीत पडलं.

मामी गाठोडं काखेत मारून थेट स्टेजवर चढली. “आयशीला काडतोस? आयशीला?” म्हणत तिनं जगनला अशी एक ठेवून दिली की माईकनं ती साऱ्या आपट्याला ऐकवली. मागोमाग आणखी बायका पदर खोचून चढल्या. पडदेवाल्यानं घाबरून पडदा पाडला, तो पाडलाच. तिसरा अंक झालाच नाही.

मामीची लेक सत्यवती मात्र खाली बसून खुदुखुदु हसत होती. गाल चोळत उभ्या असलेल्या त्या दुष्ट मुलावर तिचा जीव जडला आणि वर्षभरात तिनं हट्टानं त्याच्याशीच लग्न केलं. मामीनं अक्षता टाकल्या, पण जावयाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायली नाही. हाक मारायची तर ‘परभाकर’. जगननं काय नाही केलं? दर वर्षी आंब्याची पेटी पाठवली, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. नदीचं पाणी तिच्या घरात शिरलं तेव्हा तर तिला खांद्यावर बसवून बाहेर काढलं. खांद्यावरूनही ती म्हणाली, “सावकास चल, परभाकर.”

आणि आज ती सुकापुरात, जगनच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ठाण मांडून बसली होती. जगनची धाकटी लेक पूर्वी, हिचा साखरपुडा सोसायटीच्या हॉलमध्ये होता, म्हणून आली. जगनचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, तिथं जायचा प्रश्नच नव्हता. जेवण व्याह्यांकडचं आहे याची खात्री करूनच ती जेवली, आणि पाण्याची बाटली तिनं आपट्याहून आणली होती.

“मना आपट्याला जायचा हाय, रिक्षा बोलव,” आपलं गाठोडं मांडीवर घेत ती लेकीला म्हणाली.

मागच्याच महिन्यात ती न्हाणीघरात पडली होती. मनगट प्लास्टरमधून नुकतंच सुटलेलं. हिला आता एकटं ठेवायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं, तिचं सोडून.

सत्यवतीनं नवऱ्याला खांबाआड घेतलं. “ऐका. आय आपट्याला गेली तं मी पन जानार तिचेबरोबर. कायमची. तुमी बसा वर एकटे, नाटकाचे फोटो बघत.”

ती चेष्टा करत नव्हती. घरात साखरेचा डबा कुठं असतो हे जगनला ठाऊक नव्हतं, पण ते जाऊ द्या. त्या खुदुखुदु हसण्याशिवाय घरात राहायचं कसं, हेच त्याला कळेना.

तिकडे नवरी मुलगी पूर्वी सासरच्या मंडळींना थोबाडीतीची गोष्ट रंगवून सांगत होती. मध्येच ती आजीकडे वळली. “आजी, पण नाटकाचा शेवट काय होता गं?”

“शेवट कसला? यानं आयशीला काडली, मी थोबाडली, परदा पडला. संपला.”

जगन जागच्या जागी थिजला. अरे देवा! हिनं तिसरा अंक पाहिलेलाच नाही! हिच्या लेखी प्रभाकर अजून आईला बाहेर काढून तसाच उभा आहे, आणि आपण गाढवासारखे आंबे पाठवत बसलो!

“सुदाम!” तो ओरडला. “तिसरा अंक!”

कोपऱ्यात आइस्क्रीम खात बसलेल्या सुदामची मिशी आता पांढरी झाली होती. “हितंच?”

“हितंच. आत्ता.”

व्याह्यांनी आनंदानं खुर्च्या ओढल्या. जगननं नवा कोट भिरकावला, बूट काढले, कारण तिसऱ्या अंकात प्रभाकर सारं गमावून, वादळातून अनवाणी येतो. वादळासाठी पंखे फुल करायला लावले. मग हॉलच्या दारातून तो गरजला, “आई!”

बेचाळीस वर्षं मामी म्हटलेल्या बाईसमोर तो धाडकन गुडघ्यांवर बसला. गुडघे कडकड वाजले. “आई, याच हातांनी तुला घराबाहेर काढलं! झडले का नाहीत हे हात? तू गेलीस आणि घराचं घरपण गेलं. मार मला, हवं तितकं मार, पण घरी चल!”

मामीचा पदर डोळ्यांना लागला.

पुढचं वाक्य काही जगनला आठवेना. नाटकात आई इथं मुलाच्या मांडीवर मरते. सुदामला मात्र सगळं पाठ होतं. मामीच्या खुर्चीमागून तो जुन्याच किनऱ्या आवाजात विव्हळला, “बाळा... उशीर केलास रे... चालली ही माउली...”

“गप रे सुदाम!” मामी कडाडली. “कंची चालली? पोरगा यवडा रडतोय नि मरायचा काय? मी नाय मरनार!”

हॉलमध्ये एकच हशा पिकला. सत्यवती तर भिंत धरून हसत होती. मामीनं गाठोडं जगनपुढे सरकवलं.

“उचल, जगन.”

कोणाला हाक मारली हे त्याला क्षणभर समजलंच नाही. मग त्यानं ते गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. टाळ्या कडाडत होत्या, पण नमस्कार करायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर मामी उंबरा ओलांडून आत आली, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “पानी.” सत्यवती उठली. “तू नाय. त्याला आनू दे.”

जगन धावला. अर्धा तांब्या वाटेतच सांडला. उरलेलं पाणी मामी गटागटा प्यायली, तोंड पुसलं आणि जावयाला नीट न्याहाळत म्हणाली, “पन खरा सांगू? दुसरे अंकान तू जास्त चांगला केला व्हतास.”

जगनचा हात आपोआप डाव्या गालावर गेला, आणि तो ढसाढसा रडायला लागला.