दोघांपुरती मेमरी

लिमात कॉम्प्युटर दुरुस्तीला दुकानात ठेवून येणारा माणूस एक तर परका असतो, नाही तर खुळा. दुकानात ठेवला की आतले चांगले भाग निघतात आणि कुणाचे तरी जुने बसतात, हे आमच्या ब्रेन्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून आबेलार्दोने दुरुस्तीवाल्या पर्सीला घरीच बोलावलं, त्याला खेटून स्वतःची खुर्ची टाकली आणि पेटी उघडताच बायकोची नेलपॉलिश घेऊन आतल्या एकेका भागावर लाल ठिपका दिला.

"काका, माझ्या हातावर पण एक द्या," पर्सी म्हणाला. "जाताना तोच हात नेतोय का, तेवढं बघा."

"लागला तर देईन," आबेलार्दो म्हणाला. बसमध्ये तिकीट तपासण्यात उभा जन्म गेलेला माणूस. विश्वास ठेवायची सवय त्याला लागलीच नव्हती.

त्याची बायको नेलिदा दारात उभी होती. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत भात शिजून होई, तेव्हा त्यात मेमरी घाला, असं तीच महिनाभर घोकत होती. पण आता ती दारातून हलत नव्हती. आत नेमकं काय आहे, हे तिला ठाऊक होतं.

नव्या वर्षाच्या सुमारास तिने डिस्कवाल्याच्या टपरीवरून एक प्रोग्राम आणून गुपचूप आत घातला होता. कुणी काहीही टाइप केलं की तो ते साठवून ठेवी. कारण एवढंच, की तिची चाहूल लागली की म्हातारा पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद करायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं. हाती मात्र काय लागलं, तर जुन्या सोबत्यांशी फुटबॉलवरून घातलेले वाद, आणि मध्येच, 'नेलिदाच्या हातच्या कालवणाची सर कुठल्या हॉटेलाला नाही.' दुसरी बाई यावर विरघळली असती. नेलिदाला वाटलं, इतकं धुतल्या तांदळासारखं कुणी लिहितं का?

आता हे उघड झालं तर आबेलार्दो आरडाओरडा करणार नाही, हे ती जाणून होती. आपलं एक पत्र फोडलं म्हणून सख्ख्या भावाशी तो शेवटपर्यंत बोलला नव्हता.

"मेमरी घातली की पळेल ना रे?" तिने विचारलं.

"पळेल, नाहीही पळणार. मेमरी म्हणजे तुमचा ओटा धरा, काकू. ओटा लहान पडत असेल तर वाढवून उपयोग. पण कुणी त्यावर पसारा मांडला असेल, तर आधी पसारा उचलायचा. बघतो, आत काय काय चाललंय ते."

"बघायचंय कशाला? मेमरीची पट्टी आणलीयेस ना? बसव आणि मोकळा हो."

"का म्हणून?" आबेलार्दो म्हणाला. "गरज नसताना पट्ट्या गळ्यात मारायच्या, हाच तर धंदा यांचा. तू बघ रे. आणि मलाही दाखव."

पर्सीने आपली डिस्क घातली. पडद्यावर नावांची रांग आली. तिच्यावरून त्याचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हे इथं लपून बसलंय. टाइप केलेलं सगळं जमा करतंय. नव्या वर्षात घातलेलं दिसतंय."

नेलिदाने चौकट धरली. आता तो वळेल, आता बघेल. आबेलार्दो वळला नाही. साध्या स्क्रूचीही चौकशी करणाऱ्या माणसाने हे काय आहे, एवढंही विचारलं नाही.

"आणि हे दुसरं," पर्सी म्हणाला. "जात तीच, पण हे जुनं. गेल्या जुलैतलं, ऐन हिवाळ्यातलं. ही दोन्ही काढली तर पट्टी नकोच, फुकटात पळेल. काढू?"

नेलिदाला नवऱ्याची मान मागून दिसत होती. ती कानापर्यंत लाल झाली होती. घरात तिसरं माणूस नव्हतं, मुलगा चिलीत. मग तिला याच कॉम्प्युटरवरून अरेकिपाच्या मावसबहिणीला लिहिलेलं सगळं आठवलं. 'म्हाताऱ्यावर पाळत ठेवलीय, बघ.' हेही तिने तिलाच लिहिलं होतं. म्हणजे ते त्याने वाचलं होतं. आणि कालवणाचं कौतुक त्यानंतरचं होतं, तिने वाचावं म्हणूनच लिहिलेलं. तिला भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

"राहू दे ते," आबेलार्दो म्हणाला. "मेमरीच घाल."

"हो," नेलिदा म्हणाली. "मेमरीच घाल."

पर्सीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "जशी मर्जी. आता दोन्हींना ऐसपैस जागा होईल."

त्याने पट्टी बसवली, पेटी बंद केली. लाल ठिपके तपासायचं आबेलार्दोला सुचलं नाही. कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाला.

पर्सी गेल्यावर आबेलार्दो पाव घेऊन आला. चहाच्या वेळी त्याने पाव चिरला, ॲव्होकाडो कुस्करून मीठ घातलं आणि पहिला तुकडा नेहमीसारखा तिच्या ताटलीत ठेवला. लग्न झाल्यापासून पहिला तुकडा तिचाच असे. आज तिला कळेना, हा तिच्यासाठी आहे की तिला दाखवण्यासाठी.

तिने घास घेतला. तो बघत होता.

"छान झालंय," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, आणि हे त्याला खरं वाटलेलं नाही, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.