चादरींमधला उजेड

फोटोवाल्या वहिनींच्या दारात त्यांची नणंद येऊन उभी राहिली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि वहिनींच्या हातात दुधाचं तापलेलं पातेलं होतं. वन्सं अशा न कळवता कधी यायच्या नाहीत. त्यामुळे काहीतरी अडलंय, हे वहिनींनी पातेलं खाली ठेवायच्या आतच ओळखलं.

दोघींचं उघड भांडण असं कधी झालं नव्हतं. पण बावीस वर्षांत वन्संनी भावजयीच्या स्टुडिओत एकदाही पाय ठेवला नव्हता. त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होत्या. हाताखाली बेचाळीस बाया आणि दिवसाला दोन हजार चादरी. कष्ट कशाला म्हणतात ते त्यांच्या खांद्यांना विचारावं. भावजयीच्या कामाबद्दल मात्र त्या चारचौघांत म्हणायच्या, तिचं बरं आहे, बटण दाबलं की झालं. वहिनींना ते लागायचं. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण वन्सं वयाने मोठ्या, आणि लग्नाच्या वेळी सासरी सगळ्यांनी तोंडं फिरवली असताना वहिनींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्या एकट्याच.

काम असं होतं. अकरा वर्षं अर्ज-विनंत्या करून धुलाईखान्यातल्या सगळ्या बाया नुकत्याच कायम झाल्या होत्या. आता त्यांना ओळखपत्रं मिळायची होती, इस्पितळातल्या इतर सगळ्यांसारखी, शिक्क्याची. त्यासाठी ऑफिसातल्या कारकुनाने ट्यूबलाइटखाली, भिंतीला टेकवून, मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढले होते आणि वरच्या कचेरीने ते दोनदा परत पाठवले होते. डोळ्यांखाली सावल्या, मागे सावल्या, चेहरे हिरवट. सोमवारपर्यंत नीट फोटो गेले नाहीत, तर यादी पुढच्या वर्षावर जाणार होती.

"आम्ही त्यात चोरी करताना पकडल्यासारख्या दिसतो," वन्सं म्हणाल्या. मग भिंतीकडे बघत, "तुला जमेल का?"

वहिनींनी बायांना स्टुडिओत पाठवायला सांगितलं. ते शक्य नव्हतं. यंत्रं थांबवता येत नाहीत, वॉर्डांत चादरी वेळेवर गेल्या नाहीत तर आकाशपाताळ एक होतं. दुपारच्या सुट्टीत आणि पाळी बदलताना मिळून दीड तास, तोही तिथेच. वहिनी हो म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी त्या दोन पिशव्या आणि एक फ्लॅश घेऊन धुलाईखान्यात उतरल्या. आत पाऊल टाकल्या टाकल्या कॅमेऱ्याची काच वाफेने पांढरी झाली. पुसली, पुन्हा पांढरी. काच गरम होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून त्या पंधरा मिनिटं तशाच उभ्या राहिल्या, आणि चाळीस-बेचाळीस बाया निळे डगले घालून त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढं सामान आणलंय खरं, पण हिला सुरू तरी करता येतं का, असं कोणीतरी मागे पुटपुटलं आणि खसखस पिकली. वन्सं हसल्या नाहीत. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

काच स्वच्छ झाल्यावर वहिनींनी फ्लॅश लावून पहिला फोटो घेतला. हवेतल्या वाफेवर उजेड आपटून परत आला आणि फोटोत बाईच्या जागी धुकं दिसलं. दुसरा तसाच. तिसरा त्याहून वाईट. वहिनींच्या कानशिलांवर घाम आला, तो काही सगळाच उकाड्याचा नव्हता. त्यांनी फ्लॅश उतरवून पिशवीत टाकला आणि त्या खोलीभर चालायला लागल्या.

त्या उजेड शोधत होत्या. यंत्रांच्या रांगेत नव्हता, इस्त्रीच्या मोठ्या रुळांपाशी तर मुळीच नव्हता. पण अगदी टोकाला, जिथून धुतलेल्या चादरींच्या गाड्या बाहेर काढतात, तिथे एक रुंद दार होतं, उत्तरेला उघडणारं. बाहेर मोकळं अंगण आणि वर नुसतं आभाळ. तिथवर वाफ पोचत नव्हती. वहिनींनी दारात स्वतःचा हात धरून पाहिला. एका बाजूने उजेड असा मऊ येत होता की हाताच्या रेषा मोजाव्यात. दुसरी बाजू मात्र काळीशार.

त्यांनी वन्संना विचारलं, दोन चादरी मिळतील का, पांढऱ्या, न वापरलेल्या.

वन्संनी भुवया उंचावल्या, पण मिळाल्या. एक मागे धरायची, चार पावलं लांब, म्हणजे तिच्यावर सावली पडणार नाही. दुसरी अंधाऱ्या बाजूला, अगदी चेहऱ्याजवळ, म्हणजे दारातून आलेला उजेड तिच्यावर पडून गालावर परत येईल. वहिनींना वाटलं होतं, चादर ताणून धरायला दोरी, चिमटे, खिळे, काय काय लागेल. काहीच लागलं नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहिल्या, मनगटाला एक झटका दिला, आणि चादर हवेत भिंतीसारखी ताठ झाली. एक सुरकुती नाही. वीस वर्षं हेच करत आलेले हात ते. वहिनींना स्टुडिओसाठी विकत आणलेला पांढरा पडदा आठवला आणि मनातल्या मनात त्यांनी तो मोडीत काढला.

मग त्यांनी वरच्या ट्यूबलाइट विझवायला सांगितल्या, हिरवटपणा तिथूनच येत होता. लेन्सही बदलली. समारंभात वापरायची रुंद लेन्स जवळून लावली तर नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. कारकुनाच्या मोबाइलवरच्या फोटोंत निम्म्या बायांचं तेच झालं होतं. वहिनींनी लांबची लेन्स लावली आणि मागे सरकत गेल्या, इतक्या, की पाठ खळखळत्या यंत्राला टेकली आणि पाय गटाराच्या जाळीवर आले.

पहिली उभी राहिली ती मणी. ठेंगणी, गोलमटोल, पन्नाशीची. वहिनींनी तिला सांगितलं, फक्त चेहरा येणार आहे, बाकीची काळजी करू नका. ऐकल्याबरोबर मणीचे खांदे पडले, मान गेली, आणि कॅमेऱ्यात पुन्हा तीच पकडून आणलेली बाई आली. वहिनींनी कॅमेरा खाली घेतला. चेहराच येणार म्हटल्यावर बाईने बाकीचं अंग सोडूनच दिलं होतं, आणि चेहरा काय एकटा थोडाच उभा राहतो?

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या. "कमरेपर्यंत घेणार आहे. डगला, हात, सगळं दिसेल. कामावर उभ्या राहता तशा राहा."

मणीने बाह्या सारख्या केल्या, दोन्ही हात कमरेवर घेतले, आणि तिची हनुवटी आपोआप वर आली. वहिनींनी बटण दाबलं. मग प्रत्येकीला त्यांनी तेच सांगितलं. शिडी म्हणून ओळखली जाणारी उंच बाई आयुष्यभर वाकून चालायची, तीही दारात येऊन सरळ झाली. जी उभी राहून आली ती पुढचीसाठी चादर धरायला जायची. दीड तास संपायला पाच मिनिटं असताना बेचाळीस फोटो झाले होते.

राहिल्या वन्सं. त्या उभ्या राहिल्या खऱ्या, पण त्यांचं निम्मं लक्ष इस्त्रीच्या रुळाकडे होतं. कॅमेऱ्याकडे बघितलं की चेहरा दगडासारखा व्हायचा. वहिनींनी चार फोटो घेतले, चारही वाया. पाचव्याला शिडीच्या हातातली चादर जराशी सैल पडली आणि वन्संनी मान वळवून तिच्याकडे नुसतं बघितलं. शिडीने चादर ताणली. वन्संची नजर परत फिरून कॅमेऱ्यावर आली, अजून तीच, आणि वहिनींनी ती घेतली.

रविवारी वन्सं प्रथमच स्टुडिओत आल्या. वहिनी संगणकावर एकेक फोटो कार्डाच्या मापात कापत होत्या. हनुवटीपासून टाळूपर्यंत ठरलेलं अंतर, डोळे ठरलेल्या रेषेत, कडेला ठरलेली मोकळी जागा. वन्सं शेजारच्या खुर्चीत बसून बघत राहिल्या. मणीच्या कमरेवरचे हात गेले. शिडीचे सरळ झालेले खांदे गेले. पाच-सहा फोटो झाल्यावर त्यांना राहवेना.

"एवढं सगळं टाकून द्यायचं?"

"टाकत नाही," वहिनी म्हणाल्या. "पण कार्डात बघा ना. हात कापले तरी ते हात तोंडावर दिसताहेत."

वन्संनी डोळे बारीक केले. मग मणीच्या फोटोकडे बराच वेळ बघून मान हलवली. नंतर वहिनींनी वन्संचा स्वतःचा फोटो उघडला. वन्संनी खुर्ची थोडी मागे घेतली, पुढे आणली, पदराने चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं, की कामावर त्या खरंच अशा दिसतात का. वहिनी म्हणाल्या, अशाच दिसता, म्हणून तर चादरी ताठ राहतात. त्या दिवशी वन्सं संध्याकाळपर्यंत थांबल्या, आणि न कापलेले त्रेचाळीस फोटो मोठे छापून घ्यायचं दोघींनी मिळून ठरवलं.

सोमवारी फोटो गेले. एकही परत आला नाही.

ओळखपत्रं वाटायला इस्पितळाच्या मोठ्या बाई स्वतः धुलाईखान्यात उतरल्या. वन्संनी तसा आग्रहच धरला होता. एकेकीला बोलावून गळ्यात कार्ड घातलं गेलं आणि हातात मोठा फोटो दिला गेला. मणी आपला फोटो छातीशी धरून चारी बाजूंना दाखवत फिरली. शिडी एका कोपऱ्यात जाऊन एकटीच बघत बसली. तिच्या नवऱ्याने तिला कधी इतकी उंच बघितली नसेल, असं कोणीतरी म्हणालं, आणि तीच सगळ्यांत मोठ्याने हसली.

मोठ्या बाईंनी फोटो हातात घेऊन उजेडात धरला. कुठल्या स्टुडिओत काढले, असं विचारलं. वहिनी मागे यंत्राजवळ उभ्या होत्या, उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच वन्सं पुढे झाल्या.

"स्टुडिओत नाही, इथेच काढले, त्या दारात," त्या म्हणाल्या. "आमच्या वहिनीने. फ्लॅश वापरला नाही. उजेड उत्तरेचा घेतला, उरलेला आमच्या चादरींनी दिला, आणि लेन्स लांबची लावली, म्हणून नाकं जागच्या जागी आहेत. असं काम तुम्हाला या गावात दुसरीकडे मिळायचं नाही."

वहिनी त्या वाफेत उभ्या होत्या आणि त्यांच्या चष्म्यावर धुकं आलं होतं. ते पुसायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मोठ्या बाईंना ऑफिसच्या भिंतीवरचे डॉक्टरांचे फोटो आठवले असावेत. आमच्या डॉक्टरांचेही असे करून द्याल का, स्टुडिओत पाठवते, त्यांनी विचारलं. वहिनींनी वन्संकडे पाहिलं. मग म्हणाल्या, स्टुडिओत नको, इथेच पाठवा. असा उजेड माझ्याकडे नाही, आणि चादर धरणारी माणसंही नाहीत.

पुढच्या शुक्रवारी अकरा डॉक्टर पांढरे कोट घालून धुलाईखान्याच्या दाराशी रांगेत उभे राहिले. सगळ्यांत ज्येष्ठ सर्जन पुढे आले आणि सवयीने खांदे पाडून उभे राहिले. चादरीचं टोक धरलेल्या मणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, असं नाही," ती म्हणाली. "कामावर उभे राहता तसे राहा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं, आणि सरळ उभे राहिले.