पारा आणि टापटीप

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या लेकाच्या टापटिपीची घरात सगळेच थट्टा करायचे, पण त्यानं कधी मनावर घेतलं नाही. आईच्या खोलीत धुळीचा कण दिसला, की हा गडी व्हॅक्यूम घेऊन हजर!

त्या दिवशी आई आंघोळीला गेली होती. फोन खांद्याशी दाबून गिऱ्हाइकाची समजूत काढता काढता त्यानं तिच्या खोलीतल्या कपाटावरून रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र उतरवलं, आणि ते हातातून निसटलं. काच फुटली. पाऱ्याचे मणी गालिचाभर पळाले, चिमटीत म्हणून येईनात. त्यानं व्हॅक्यूम फिरवला, झालं काम! यंत्र वडिलांचं, थोरल्या बहिणीचा त्यावर भारी जीव. तिला कळलं असतं तर तिनं याला फाडून खाल्लं असतं. म्हणून यानं फुटकं यंत्र गुपचूप फेकलं, बॅटरीवालं नवं आणलं आणि "जुनं बिघडलं" म्हणून सांगितलं.

पुढे आईचे हात थरथरू लागले. चहा कपात कमी, बशीत जास्त, बिस्किटाचा चुरा गालिच्यावर. हिरड्या सुजल्या, झोप उडाली, एवढ्यातेवढ्यावरून रडू यायला लागलं. "आई, जरा सांभाळून की!" असं तो खेकसायचा आणि लगेच व्हॅक्यूम काढायचा.

आईला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात थर्मामीटर, बीपीचं यंत्र असलं काही फुटलं होतं का?"

थोरली शेजारीच बसलेली. "छे, छे!" हा म्हणाला. कसली मेली ही भीती! यंत्र गेलं तर दुसरं मिळतं, आई कुठे मिळणार होती? हे त्यालाही कळत होतं, तरी त्यानं खोटंच रेटलं.

आईच्या लघवीत पारा निघाला, तेव्हा मात्र त्याच्या पायाखालची जमीन सरकली. थोरलीच्या देखतच त्यानं सगळं सांगून टाकलं. ती नुसती आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"साफ कशानं केलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"व्हॅक्यूमनं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, पारा त्याच्या आत बसून राहतो. तो चालू केला की पाऱ्याची वाफ होते आणि खोलीभर पसरते. नंतर पुन्हा नाही ना वापरलात?"

बाई आपल्या लेकाला रागावतायत, एवढंच आईला कळलं, आणि ती सरसावून बसली.

"त्याला बोलू नका हो. बाहेरची धूळ नको म्हणून दारंखिडक्या लावून घेतो आणि रोज फिरवतो. एक दिवस चुकवला नाही बघा पोरानं."