डमीतून वाहिलेला गॅस

भट्टीकाकांनी झडप आणखी पाव फेरा उघडली आणि मीटरकडे पाहिलं. काटा हलायला नको होता. तो हलला आणि चौदावर जाऊन थांबला. काकांनी झडप बंद केली, तेलाचा दाब तपासला, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा उघडली. पुन्हा चौदा.

समोरच्या नळकांड्यात दगड असता तर चौदा आकड्याचं काही वाटलं नसतं. पण आज साडेसातलाच येऊन त्यांनी आत दगडाऐवजी पोलादाचा भरीव ठोकळा घातला होता. प्रयोगशाळेत सगळे त्याला डमी म्हणत. पोलादातून गॅस जात नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरी मीटरचं म्हणणं होतं की जातोय, आणि गेल्या तीन आठवड्यांत भाजलेल्या दगडांतून जेवढा गेला, अगदी तेवढाच जातोय.

काका स्टुलावर बसले. उठायचं त्यांच्या फार जिवावर आलं होतं.

चार वर्षं हा उद्योग चालू होता. जमिनीत दोन-अडीच किलोमीटर खाली शेल नावाचा खडक असतो. जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखा थरांचा, पण इतका घट्ट की पोटातला गॅस सोडता सोडत नाही. प्रकल्पप्रमुख मॅडमचं म्हणणं असं, की हा खडक आहे तिथेच तापवला तर त्यातलं पाणी उडून जाईल, बारीक चिरा पडतील आणि गॅसला वाट मिळेल. म्हणून काका त्याचे काडेपेटीएवढे तुकडे भट्टीत भाजायचे आणि नळकांड्यात भरून गॅस मोजायचे, भाजण्याआधी एकदा आणि भाजल्यावर एकदा. साडेतीन वर्षांहून जास्त काळ फरक दिसायचा तो दीडपट, फार झालं तर दुप्पट. एवढ्याशा फरकासाठी कोण विहीर तापवायला पैसे घालतो? सगळ्यांनी हात टेकले होते. आणि मग अचानक, महिनाभर आधी मोजून ठेवलेले सात दगड भाजल्यावर सातही चाळीसपट. मॅडमनी त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजला होता.

आज अकरा वाजता कंपनीची माणसं येणार होती. त्यांना पटलं तर खरीखुरी विहीर तापवायची, नाही पटलं तर महिनाअखेर प्रकल्पाला कुलूप.

दगडाभोवती रबराची स्लीव्ह असते. बाहेरून तेलाचा दाब दिला की ती दगडाला चारी बाजूंनी आवळते आणि गॅसला कडेने पळवाट उरत नाही. ती धड आहे की नाही हे बघायला दर सोमवारी डमी भरून दीड तास थांबायचं, काटा शून्यावर राहिला की रजिस्टरात 'ठीक' लिहून सही करायची, हा नियम काकांनीच एकतीस वर्षांपूर्वी घालून घेतला होता. या कामात त्यांचं नाव होतं. भट्टीकाकांनी बघितलंय म्हटलं की दुसरं कोणी बघायला जात नसे.

गेले तीन सोमवार काकांनी डमी न भरताच सही केली होती. सोमवारी दुपारी बायकोचं डायलिसिस असे, आणि सोमवारी सकाळी त्यांच्या अंगात दीड तास बसून शून्य बघण्याचं त्राण नसे. लवकर सुटायचं म्हणून भट्टीतले दगडही त्यांनी पुरते निवू दिले नव्हते. कोमटच भरले होते. त्या उबेने रबर कडक झालं, आवळायचं विसरलं, आणि गॅस दगडाच्या अंगावरून सरळ पलीकडे पळत राहिला. हे त्यांना आत्ता, स्टुलावर बसल्या बसल्या, लख्ख कळलं. आज सोमवार नव्हता, पण पाहुण्यांसमोर निदान आजची सही तरी खरी असावी, एवढ्यासाठी ते लवकर आले होते.

आता तोंड उघडायचं की मूग गिळून बसायचं, हा प्रश्न काकांनी स्वतःला विचारला नाही असं नाही. तीन महिन्यांनी निवृत्ती होती. विहीर तापेपर्यंत ते कधीच घरी गेले असते.

मॅडम आपल्या खोलीत स्लाइड पुढेमागे करत होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं, टेबलावर कालचा अर्धा कप तसाच होता. नऊ वर्षांपूर्वी त्या इथे आल्या तेव्हा नळकांडं कसं उघडायचं हे काकांनीच त्यांना शिकवलं होतं.

"मॅडम, जरा बोलायचं होतं. आपली ती स्लीव्ह गेलीय."

"आज? आत्ता?" त्यांनी मान वर केली नाही. "नवी घाला ना, काका."

"आज नाही गेली. आधीच गेलेली असणार. डमीतून चौदा येतायत."

आता त्यांनी मान वर केली, आणि हसल्या. थकलेल्या माणसाचं, अर्ध्यावर सोडून दिलेलं हसू.

"डमी तिरकी बसली असेल. रजिस्टर मी कालच पाहिलंय. तीनही सोमवारी 'ठीक' आहे, खाली तुमची सही आहे."

"सहीचं काय घेऊन बसलात. सही चुकू शकते."

"तुमची?" त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. "काका, काकूंच्या धावपळीत तुम्ही पार दमून गेलाय. चहा घ्या, डमी पुन्हा नीट भरून बघा आणि मग दगड चढवा. दहाला मी रीडिंग बघायला येते."

मी खोटी सही केली, हे चार शब्द काकांच्या जिभेवर आले आणि तिथेच बसले. ते परत फिरले. एकतीस वर्षं जपलेलं नाव आज त्यांच्याच आड आलं होतं, आणि त्यांना आपला स्वतःचाच भयंकर राग आला.

त्यांनी डमी पुन्हा भरली. दोन्ही टोकं बोटाने चाचपली, दाब दिला आणि वाट बघत राहिले.

दहाला मॅडम आल्या त्या कानाला फोन लावूनच. पलीकडे संचालक होते. मॅडमनी मीटरसमोर वाकून पाहिलं.

"हो सर, मी इथेच उभी आहे. चौदा. कालच्या दगडाला होतं तेवढंच. हो, या तुम्ही त्यांना घेऊन." फोन खाली घेत त्या म्हणाल्या, "बघा काका, उगाच घाबरवलंत. दगड झकास चाललाय."

"थांबा, मॅडम."

काकांनी दाब सोडला. टोपण फिरवलं, नळकांडं तिरकं केलं, आणि आतून घरंगळत आलेलं पोलाद ओंजळीत घेऊन त्यांच्यापुढे धरलं.

मॅडमनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं, जणू कुठे चीर सापडली असती तर बरं झालं असतं.

"सातही?"

"सातही."

"आणि रजिस्टर?"

"तीन सोमवार डमी भरलीच नाही मी. नुसती सही केली. दगडही कोमट भरले."

बायकोच्या डायलिसिसचं कारण त्यांच्याकडे तयार होतं, खरंही होतं. पण मॅडमना ते आधीच ठाऊक होतं आणि पुन्हा सांगायला जीभ रेटेना.

"मला सांगायचं होतं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नुसतं म्हणायचं होतं, आज मला जमणार नाही. मी बसले असते की दीड तास."

त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी मान खाली घातली.

मॅडमनी फोन उचलला. "सर, पाहुण्यांना तुमच्या खोलीत बसवून ठेवा. चाळीसपट नाहीये ते. नाही, किती आहे माहीत नाही. मोजल्यावर सांगते. नाही सर, आधी नाही सांगता येणार." पलीकडचा आवाज वाढत गेला तसा त्यांनी फोन कानापासून थोडा लांब धरला, शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि ठेवून दिला.

काकांनी कपाटातून नवी स्लीव्ह काढली. जुनी उपसली, नवी बसवली, तेल भरलं. हात सवयीने डमीकडे गेला.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "मी भरते."

त्यांनी बाह्या वर सारल्या. नऊ वर्षांत हे काम त्यांच्या हातून सुटलं होतं. टोपणाचे आटे दोनदा चुकले. काकांना मदत करावीशी वाटली, पण ते जागचे हलले नाहीत. मग मॅडम स्टुलावर बसल्या. दर दहा मिनिटांनी त्या काटा बघायच्या आणि आकडा लिहायच्या. शून्य. शून्य. अकराला बाहेर गाडी थांबली, बोलणी जिन्यावरून वर गेली. कुणीतरी दारात डोकावून गेलं. त्या उठल्या नाहीत. काका भिंतीला टेकून उभे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

दीड तास झाला. मॅडमनी रजिस्टर ओढलं, 'ठीक' लिहिलं, आणि ज्या रकान्यात एकतीस वर्षं एकच सही होती तिथे आपली सही केली.

"आता दगड द्या."

काकांनी ट्रेमधला पहिला दगड उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. चांगला दोन दिवस बाहेर पडलेला, थंडगार दगड होता तो. निवलाय, असं ते सांगणारच होते.

मॅडमनी तो आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला.